पाच हजार कसे मिळवावेत: पहिलटकरणींसाठी सुलभ मार्गदर्शिका

ताई, अभिनंदन! दिवस गेले म्हणे. पेढे नंतर वाटा, आधी झेरॉक्सचं दुकान गाठा. सासूबाईंना अजून सांगितलं नसेल तर चालेल, पण आशाताईंना आजच्या आज सांगा. सासूबाईंकडे रजिस्टर नसतं.

सरकार तुम्हाला पाच हजार रुपये देणार आहे. योजनेचं नाव प्रधानमंत्री मातृवंदना. २०१७ साली ती सुरू झाली आणि २०२२ पासून तिची सुधारित आवृत्ती चालू आहे. हेतू फार चांगला. गरोदरपणात मजुरी बुडते ती थोडीफार भरून निघावी, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर चार दिवस पाठ टेकता यावी, पोटात दोन घास जास्त जावेत. पण पैसे नुसते हातावर ठेवले तर तुम्ही खरंच पाठ टेकून बसाल, म्हणून अटी आहेत. अट पाळा, हप्ता घ्या. या युक्तीला जगभर मान आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ काढली, ब्राझीलने २००३ मध्ये ‘बोल्सा फामिलिया’. पोराला लस टोचून आणा, पोरीला शाळेत धाडा आणि आईच्या नावावर पैसे न्या, असा तो व्यवहार. मेक्सिकोत त्यामुळे मुली माध्यमिक शाळेत जास्त जाऊ लागल्या, हे खरंच आहे. आपण त्यात थोडी देशी भर घातली. अट पाळणं सोपं ठेवलं, पाळली हे दाखवणं तेवढं अवघड करून ठेवलं.

घाबरू नका. आम्ही आहोत ना. पायरी पायरीने जाऊ.

पायरी १. आपण गरीब आहोत का, ते विचारून घ्या

हे आपल्याला ठाऊक आहे अशा भ्रमात राहू नका. यादी बघा. अनुसूचित जाती-जमाती, चाळीस टक्के अपंगत्व, दारिद्र्यरेषेचं कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, किसान सन्मान, अंगणवाडीताई, आशाताई, नाहीतर वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न. आठ लाख! म्हणजे यादीच्या एका टोकाला रोजगार हमीवर माती उपसणारी आणि दुसऱ्या टोकाला महिना पासष्ट हजार घरात येणारी. इतक्या मोठ्या जाळ्यातून कोण सुटणार, असं वाटेल. सुटते ती नवी सून. लग्न झाल्यावर माहेरच्या रेशनकार्डातून तिचं नाव कमी होतं आणि सासरच्या कार्डात ते चढेपर्यंत महिने जातात, कधी वर्षं. तेवढ्या काळात ती कुठल्याच घरात जेवत नसते, निदान पुरवठा खात्याच्या हिशेबाने. आणि पहिलटकरीण म्हणजे बहुतेक वेळा नवी सूनच की! तेव्हा पाळणा हलण्याआधी तहसीलचा पुरवठा विभाग हलवा.

मराठवाड्याकडच्या असाल आणि उसाला जायच्या आधी कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पुरा व्हावा म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी तुमचं लग्न उरकलं असेल, तर ही मार्गदर्शिका इथेच मिटा. तुमचं वय बसत नाही. विश्रांतीची गरज तुम्हालाच सगळ्यांत जास्त आहे याची आम्हाला मनापासून जाणीव आहे.

पायरी २. पाळीची तारीख सांगा

शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली पाहिजे, तरच तीन हजारांचा पहिला हप्ता. सिस्टर विचारतील, मागची पाळी कधी आली? तुम्ही म्हणाल, “शिमग्याच्या अलीकडं. जत्रा होती बघा, त्याच्या आधल्या आईतवारी डोक्यावरनं पाणी घेतलं.”

उत्तर अगदी नेमकं आहे. गावातली कुठलीही जाणती बाई त्यावरून दिवस कधी भरतील ते बोटांवर मोजून सांगेल. पण पोर्टलच्या चौकोनात जत्रा मावत नाही. तिथे दोन आकडे, रेघ, दोन आकडे, रेघ, चार आकडे. सिस्टर भिंतीवरचं कालनिर्णय काढतात, तर मार्चचं पान कोणीतरी वहीला कव्हर घालायला नेलेलं. मग त्या बारा तारीख टाकतात. बारा हा मधला, बरा आकडा आहे.

आमचा सल्ला: बारा तारीख पाठ करा. खरी विसरलात तरी हरकत नाही, टाकलेली विसरू नका. कार्डावर बारा, फॉर्मवर बारा आणि सोनोग्राफीत डॉक्टरांनी वीस काढली, तर दोष सोनोग्राफीचा नसून तुमचा आहे.

पायरी ३. एकच नाव धरून राहा

आधारवर तुम्ही माहेरच्या. रेशनकार्डावर सासरच्या. बँकेत पहिलं नाव माहेरचं, आडनाव सासरचं आणि मध्ये वडील. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी आय, दुसऱ्या ठिकाणी डबल ई. माणसं तुम्हाला या सगळ्या नावांनी ओळखतात. संगणकाला या पाच वेगवेगळ्या बाया वाटतात आणि त्यांतल्या चौघी गरोदर नाहीत.

नाव दुरुस्त करायला आधार केंद्रावर जा. तिथे लग्नाचा दाखला मागतील. ग्रामपंचायतीत जा. तिथे लग्नाचा फोटो, पत्रिका आणि साक्षीदार मागतील. पत्रिकेत तुमचं लाडाचं नाव छापलेलं असतं. इथे रडायला मोकळीक आहे, पण लवकर आवरा, सहा महिने चालू आहेत.

एक चांगली बातमी द्यायलाच हवी. आधीच्या आवृत्तीत नवऱ्याचंही आधार लागायचं. टाकलेल्या बाईने नवऱ्याचं कार्ड कुठून आणावं, हा प्रश्न सुटायला पाचेक वर्षं लागली, पण सुटला. आता नवऱ्याशिवायही अर्ज करता येतो.

पायरी ४. माहेरी जाऊ नका, न जाऊन चालणारही नाही

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आणि योजना आहे ती पहिल्या बाळंतपणासाठी. हे दोन्ही ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं राज्यात कोट्यवधी असतील, पण ती एकाच खोलीत कधी बसली नसावीत.

नोंदणी सासरच्या उपकेंद्रात. सातव्यात ओटी भरली, डोहाळे पुरवले, भाऊ न्यायला आला. पुढच्या तपासण्या माहेरी. बाळंतपण माहेरच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात. बाळाच्या जन्माची नोंद तिथल्याच रजिस्टरला. बीसीजी, पोलिओचे थेंब, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची टोचणी, सगळं माहेरच्या सिस्टरच्या हातून. चौदा आठवड्यांचं टोचून झालं की दोन हजारांचा दुसरा हप्ता लागू होतो. तुम्ही चौथ्या महिन्यात बाळंतविडा घेऊन सासरी परतता आणि सासरच्या आशाताई विचारतात, “कार्ड आणलं का?”

कार्ड म्हणजे ते माता-बाल संरक्षणाचं जाड पुठ्ठ्याचं. ते आईच्या घरी कपाटावर राहिलेलं असतं. नाहीतर आणलेलं असतं, पण त्यावर तिकडच्या सिस्टरची सही आहे आणि शिक्का नाही. नाहीतर शिक्का आहे आणि तारीख नाही. बाळाच्या मांडीवर टोचल्याची गाठ अजून हाताला लागते, ती दाखवून पाहा. आशाताईही बाळ बघतील, कौतुक करतील, काजळाची तीट लावतील आणि म्हणतील, “गाठ अपलोड होत नाही गं.”

आशाताईंवर चिडू नका. त्यांचा स्वतःचा मोबदला कामागणिक ठरतो आणि तोही वेळेवर येतो असं नाही. ज्या फोनवर त्या तुमचा फॉर्म भरतात त्याच्या रिचार्जचा हिशेब त्या तुमच्याकडे कधी काढत नाहीत.

पायरी ५. आपलं खातं शोधून काढा

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. तुम्हाला वाटेल, जनधनचं पासबुक ट्रंकेत आहे, झालं काम. थांबा. पैसे जातात ते आधारला सगळ्यांत शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात. ते कुठलं? बचत गटाच्या कर्जासाठी उघडलेलं? की सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता तेव्हा आपोआप उघडलेलं? हसू नका. २०१७ साली लाखो लोकांचं सिलिंडरचं अनुदान अशाच एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत जाऊन बसलं होतं. आपलं तिथे खातं आहे हे त्यांना अनुदान हरवल्यावर समजलं.

तेव्हा बँकेत जा आणि “मॅपिंग बघा” म्हणा. हा मंत्र आहे. अर्थ विचारू नका, त्यांनाही विचारू नका. काउंटरवरचे साहेब म्हणतील, जेवणानंतर या.

पैसे आलेच तर ते काढायला बँक मित्राकडे अंगठा लावावा लागतो. तुमचा अंगठा उठत नाही. बरोबर आहे, कसा उठणार? वर्षानुवर्षं कोयता, खुरपं, धुणं, भांडी. रेषा राहिल्यात कुठे? पदराला पुसा आणि लावा. साबणाने धुवा आणि लावा. डोक्याचं तेल चोळून लावा. बँक मित्र म्हणेल, दुसरं बोट. मग तिसरं. दहा बोटं संपली की म्हणेल, उद्या सकाळी या, सकाळी मशीन जरा बरं चालतं. ज्या मजुरीने अंगठा झिजला तीच बुडाली म्हणून हे पैसे आहेत, हा विचार मशीनपुढे करू नका. मागे रांग आहे.

पायरी ६. ऊसतोडीला जाणार असाल तर

आमचा प्रामाणिक सल्ला, जाऊ नका. एका जागी राहा, सकस आहार घ्या, जड कामं टाळा. पुस्तिकेत तसं चित्रच आहे, खुर्चीत बसून सफरचंद खाणाऱ्या बाईचं.

पण मुकादमाकडून उचल घेऊन झालेली आहे, तेव्हा ट्रकात बसालच. दिवाळी झाली की बीड, जालन्याकडून गाड्या निघतात सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे, आणि परतायला उन्हाळा उजाडतो. शिमग्याच्या आधी पाणी घेतलंत म्हणजे तुमचे दिवस भरणार डिसेंबरात, ऐन हंगाम भरात असताना. पहिला हप्ता गावाकडेच नोंदला गेला हे नशीब. आता पुढचं नीट ऐका.

एक, तपासणी म्हणजे खाडा. कोयता जोडीचा असतो, त्यामुळे तुम्ही दवाखान्यात गेलात की नवऱ्याचाही खाडा. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा एका खाड्याला पाचशे रुपये कापतात हे पुण्या-मुंबईच्या लोकांनाही पेपरात वाचायला मिळालं. गरोदरपणात किमान चार तपासण्या कराव्यात असं सगळे डॉक्टर सांगतात. हंगामात सापडलात तर चार खाडे, म्हणजे दोन हजार. आणि दुसरा हप्ताही बरोब्बर दोन हजारांचाच. सरकारचं गणित कच्चं असतं, असं कोण म्हणतं?

दोन, बाळ शक्यतो फडावरच्या पाचटाच्या कोपीत जन्माला घालू नका. घातलंच, तर नोंदीला त्या गावच्या ग्रामपंचायतीत जा. तिथे विचारतील, राहणार कुठल्या? तुम्ही म्हणाल, धारूरकडच्या. मग तिकडे करा, म्हणतील. उन्हाळ्यात धारूरला गेलात की तिकडे विचारतील, जन्म कुठला? कोल्हापूरकडचा, म्हणाल. मग तिकडे करा. कायदा कोल्हापूरच्या बाजूने आहे, जन्म जिथे नोंद तिथे. फक्त तोवर तुम्ही तिथे नसता.

तीन, चौदा आठवड्यांच्या लसीच्या वेळी तुम्ही फडात असाल. तिथल्या उपकेंद्राच्या यादीत तुमचं बाळ नाही, गावाकडच्या यादीत आहे पण बाळ नाही. दोन्ही याद्या आपापल्या जागी अगदी बरोबर आहेत. मुकादमाची यादी तेवढी कधी चुकत नाही. तिच्यात तुम्ही दोघं, तुमची उचल, तुमचे खाडे, बैलजोडी, सगळं असतं. सरकारने त्याच्याकडून वही लिहायला शिकावी, असं आमचं जुनं मत आहे.

मधली चौकट (साहेब जवळ उभे असतील तर हे पान झाका)

ब्राझीलमध्ये मुलाची हजेरी कमी पडली तर पैसे एकदम तोडत नाहीत. आधी ताकीद जाते, मग हप्ता अडवतात, आणि मध्ये घरी माणूस पाठवून बघतात की झालं काय. आजारी आहे का, कामाला लावलंय का, शाळा लांब आहे का. अट मोडली की कोणीतरी विचारपूस करायला येतं, ही कल्पना आपल्याकडे अजून कोणाला सुचलेली दिसत नाही. आपल्याकडे अट मोडली की पोर्टलवर लाल अक्षर येतं.

मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात संशोधकांनी गंमत केली. काही मुलींना शाळेत आलात तरच पैसे, काहींना असेच पैसे. अट होती तिथे शाळा सुटण्याचं प्रमाण जास्त घटलं, साहेब जिंकले. पण जिथे अट नव्हती तिथे कोवळ्या वयातली लग्नं आणि बाळंतपणं कमी झाली, कारण ज्यांची शाळा सुटली त्यांच्या हातातही पैसे येत राहिले. अटीच्या योजनेत त्याच मुली आधी गळाल्या होत्या. हे वाचून साहेबांची झोप उडते, म्हणून झाका म्हटलं.

आणि पेरू. तिथल्या ‘हुंतोस’ योजनेतल्या आयांबद्दल तारा पॅट्रिशिया कुक्सन यांनी २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं. कागदावर अटी दोनच, शाळा आणि दवाखाना. पण गावातल्या साहेबमंडळींनी त्यात आपल्या घातल्या: मिरवणुकीला या, शाळेत स्वयंपाकाला या, नाहीतर नाव कापू. बायका येत राहिल्या, कारण खरी अट कुठली आणि खोटी कुठली हे त्यांना कोण सांगणार? आपल्याकडे असलं काही नाही. मंत्री येणार आहेत, मंडपात बसायला या, टाळ्या वाजवा, चेकच्या मोठ्या पुठ्ठ्यासोबत फोटोला उभ्या राहा, एवढंच.

उपकेंद्राला कुलूप दिसलं, लसीच्या दिवशी लस संपली, डॉक्टर ‘मीटिंगला’ गेले, तर तो तुमच्या गैरहजेरीचा दिवस समजा. त्यांचा हप्ता थांबत नाही, तो पगार असतो.

पायरी ७. हिशेब करू नका

केलाच तर असा होईल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये द्यायचं ठरवलं, सरकारी नोकरीतल्या बायका वगळून. ३१ डिसेंबर २०१६ च्या भाषणात पंतप्रधानांनीही सहा हजारच सांगितले. योजना आली तेव्हा झाले पाच, आणि तेही पहिल्या बाळाला. उरलेला हजार जननी सुरक्षा योजनेत धरलाय म्हणे, म्हणजे दोन्ही मिळून सरासरी सहा हजार. आता महाराष्ट्रात जननी सुरक्षेचे खेड्यात मिळतात सातशे, शहरात सहाशे, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या असाल तर. ५००० अधिक ७००, झाले ५७००. तुमचे तीनशे गेले कुठे? बिहारमध्ये. तिथल्या खेड्यातल्या बाईला सातशेच्या जागी चौदाशे मिळतात, ती ६४०० नेते आणि तुमची सरासरी सांभाळते. तिला मनातल्या मनात हात जोडा.

२०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. पाच हजारांत सतरा दिवसही पुरे होत नाहीत. ज्या २०१७ साली मातृवंदना आली त्याच साली पगारी नोकरीतल्या बायकांची बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन बाळांसाठी. फार चांगलं झालं, जायलाच हवी होती. त्या पगारी बाईला रजा संपल्यावर कचेरीत बीसीजीचं कार्ड दाखवावं लागत नाही. ती आई आहे, लसीचं ती बघेलच, असं सगळे गृहीत धरतात.

तामिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डींच्या नावाच्या योजनेत अठरा हजारांची मदत देतात. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

पायरी ८. दुसऱ्या खेपेला मुलगी होऊ द्या

दुसऱ्या बाळाला योजना लागू आहे, मुलगी झाली तर. सहा हजार, एकरकमी, जन्मानंतर. जुळं झालं आणि त्यात एक मुलगी असली तरी चालतं, सरकार एवढं आडमुठं नाही.

मुलगी आहे की मुलगा हे आधी बघता येत नाही, कायद्याने बंदी आहे आणि असायलाच हवी. त्यामुळे होतं असं की नऊ महिने तुम्ही नीट खाल्लं पाहिजे होतं की नाही, हे बाळंत झाल्यावर ठरतं. मुलगा झाला तर नव्हतं. दूध, अंडी, गूळ-शेंगदाणे जे काही खाल्लं असेल ते तुमच्या खर्चाने खाल्लं असं समजा. हेतू मुलीचं स्वागत करण्याचा आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त पोटात असताना तिचं स्वागत उधारीवर चालतं.

तिसरं बाळ? तुम्ही कुठल्या जगात राहता?

पायरी ९. मुलगी शाळेत घाला आणि २०४१ पर्यंत थांबा

शाळेच्या कामात महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना पहिली ते चौथी रोज शाळेत आल्याबद्दल १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला. दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली तेव्हाही रुपयाच होता, महागाईने त्याला हात लावला नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. वर्षभर एक दिवस न चुकवता दोनशे वीस दिवस आली तर दोनशे वीस रुपये. त्यासाठी तिचं बँकेत खातं हवं, खात्यासाठी तालुक्याला जायला हवं, जायला एसटीचं तिकीट हवं, आणि त्या दिवशी तिची शाळा बुडते.

दिवाळीनंतर तुम्ही उसाला निघालात तर तिला हंगामी वसतिगृहात ठेवा, नाहीतर आजीजवळ. दोन्ही नसेल तर ती येतेच बरोबर, धाकट्याला सांभाळायला. गुरुजी भले असले तर तिची हजेरी लावून टाकतात. मग ती मुलगी एकाच वेळी दोन जिल्ह्यांत हजर असते, वर्गात ‘उपस्थित’ आणि फडात मोळ्या बांधायला. अटीने हजेरी वाढते, असं जे म्हणतात ते खोटं नाही.

आता मोठी रक्कम. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर, ‘लेक लाडकी’ योजना आहे. जन्मल्यावर पाच हजार, पहिलीत गेली की सहा, सहावीत सात, अकरावीत आठ, आणि अठरा पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार. एकूण एक लाख एक हजार. वरचा एक आहेराचा असावा. दुसऱ्या बाळानंतर ऑपरेशनचा दाखला लागेल, तो कोणाच्या ऑपरेशनचा हे घरात विचारायची गरज पडत नाही.

पंचाहत्तर हजार मिळायला सुरुवात होईल एप्रिल २०४१ मध्ये. तोवर तुम्ही फक्त मुलगी सांभाळायची आणि कागद सांभाळायचे. योजना सांभाळायचं काम सरकारचं. २०१४ साली ‘सुकन्या’ आली, २०१६ मध्ये तिच्या जागी ‘माझी कन्या भाग्यश्री’, २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’. मुलीला वर्षं लागतात, योजनेला निवडणूक पुरते. त्यामुळे आधीच्या योजनांच्या पावत्याही फेकू नका, कोणती कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

काय काय ठेवायचं ते लिहून घ्या: माता-बाल कार्ड, जन्मदाखला, लसीचं कार्ड, दोन्ही नावांची आधारकार्डं, दुरुस्तीची पावती, रेशनकार्ड जुनं आणि नवं, उत्पन्नाचा दाखला (दरवर्षी ताजा करायचा), बोनाफाइड, ऑपरेशनचा दाखला, चालू पासबुक आणि बंद पडलेलंही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, उंदीर नेतात. कोपीत तर मुळीच नको, पाचट पेट घेतं. पत्र्याची पेटी घ्या, कडी-कोयंड्याची, आणि आत डांबराच्या गोळ्या टाका. पहिला हप्ता हातात आला की खारीक-खोबऱ्याच्या दुकानात जाण्याआधी पेटीच्या दुकानात जा.